नऊ नंबर (मुख्य स्ट्रायकर) आला, पण चेंडू त्याच्यापर्यंत वेळेवर कोण पोचवणार? आर्सेनल, उन्हाळी खरेदी आणि आक्रमण

कोथरूडचा_गनर | ३ सप्टेंबर २०२५

सोमवारी रात्री साडेअकराला ट्रान्सफर विंडो बंद झाली. आर्सेनलने या उन्हाळ्यात पंचवीस कोटी पौंडांच्या वर पैसे ओतले. स्ट्रायकर ग्योकेरेस, पॅलेसचा एझे, मधल्या फळीतला झुबिमेंडी, मडुएके, नॉरगार्ड, मोस्केरा, केपा आणि शेवटच्या दिवशी लेव्हरकुसेनकडून लोनवर हिंकापिए. लागोपाठ तीन वर्षं दुसरा नंबर आल्यावर मालकांनी हात सैल सोडला, त्याबद्दल मला समाधानच आहे. क्रीडा संचालक आंद्रेआ बेर्टा मार्चमध्ये आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याने बाजार मारला.

पण रविवारी लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर जे पाहिलं त्यानंतर लिहिल्याशिवाय राहवेना. मधल्या फळीत राइस, झुबिमेंडी आणि मेरिनो. एझे बाकावर. ओडेगार्डही बाकावर, पण तो दुखापतीतून आलेला, ते समजू शकतो. सत्तर मिनिटं आपण बरोबरी सांभाळल्यासारखे खेळलो, मग दोघांना आत आणलं, आणि ८३ व्या मिनिटाला सोबोसलाईने तीस यार्डांच्या पलीकडून फ्रीकिक मारून सामना नेला. तशी फ्रीकिक वर्षातून एखादी लागते, ती अडवता आली नाही म्हणून कुणाला बोल लावणार नाही. माझी तक्रार आधीच्या ८२ मिनिटांबद्दल आहे.

गेल्या मोसमात सगळे एकच वाक्य घोकत होते: आर्सेनलकडे स्ट्रायकर नाही. आकडे बघितले तर ते खरंही वाटतं. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये ९१ गोल, २०२४-२५ मध्ये ६९. १४ सामने बरोबरीत. लीगमध्ये आपल्याकडून सर्वाधिक गोल हावर्ट्झचे, आणि ते किती, तर ९. जानेवारीत जेझुसचा गुडघा गेला, फेब्रुवारीत दुबईच्या सरावात हावर्ट्झची मांडी, आणि मेरिनोला पुढे उभं करून दिवस ढकलावे लागले. लेस्टरला त्याने शेवटी शेवटी दोन गोल मारून सामना वाचवला हे मी विसरलेलो नाही, भला माणूस आहे. पण लीग अशी जिंकत नाहीत.

तरी मूळ दुखणं स्ट्रायकर नसण्याचं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. आपण चेंडू उशिरा पुढे पाठवतो हे ते दुखणं आहे. कुठलाही सामना काढून बघा. चेंडू हिसकावला की पहिला पास मागे, सलिबाकडे. मग गॅब्रिएल, परत सलिबा, मग उजवीकडे टिंबर किंवा व्हाइट, साका, ओडेगार्ड. त्या तिघांचा त्रिकोण सुंदर आहे, युरोपात त्याला तोड कमी. पण तो सुरू होईपर्यंत समोरचे दहाच्या दहा जण बॉक्सपुढे ठाण मांडून बसलेले असतात. साकावर दोघं, कधी तिघं. डिसेंबरात साकाचीच मांडी फाटली आणि तो एप्रिलपर्यंत बाहेर गेला, तेव्हा तर गोल कुठून येणार हेच कळेना.

आता ग्योकेरेसकडे बघा. स्पोर्टिंगसाठी गेल्या मोसमात लीगमध्ये ३३ सामन्यांत ३९ गोल, सगळ्या स्पर्धा मिळून ५४. हे गोल त्याने बॉक्समध्ये उभं राहून, क्रॉसची वाट बघत मारलेले नाहीत. त्याची धाव डाव्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात असते. सेंटर बॅकला तो खांद्यावर घेऊन बाहेर ओढतो आणि मग उजव्या पायावर आत येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीला त्याने हॅटट्रिक मारली. दोन पेनल्टी होत्या, पण पहिला गोल बघा: एक पास बचावफळीच्या मागे, हा धावला आणि संपलं. त्याच महिन्यात आपण लिस्बनला जाऊन स्पोर्टिंगला ५-१ हरवलं. त्या दिवशी सलिबा आणि गॅब्रिएलने त्याला मागे जागाच दिली नाही आणि तो दिसलाही नाही. गॅब्रिएलने तर गोल मारून त्याच्याच मुखवट्याच्या सेलिब्रेशनची नक्कल केली होती. म्हणजे हा माणूस कसा गप्प होतो हे आपल्याच सेंटर बॅकना सगळ्यात चांगलं माहीत आहे. जागा दिली नाही की तो गप्प. आणि आपण आपल्या संथ खेळाने प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ती जागा बंद करायला वेळ देतो.

लीड्सविरुद्ध त्याचा पहिला गोल आठवा. दुसरा हाफ सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झाली होती. कॅलाफिओरीने चेंडू मिळाल्या मिळाल्या, दुसरा स्पर्श आडवा न घालवता, सरळ डाव्या पट्ट्यात पुढे दिला. ग्योकेरेस आधीच निघालेला होता. डिफेंडर अंगाला चिकटलेला असताना तो आत वळला आणि जमिनीलगत मारला. तीन-चार सेकंदांत काम फत्ते. तो अख्खा सामना ५-० झाला, पण मला त्यातले हे तीन-चार सेकंदच परत परत बघावेसे वाटतात, कारण २०२४-२५ मध्ये असा गोल आपण क्वचित केला.

म्हणूनच मी म्हणतो की या उन्हाळ्यातली सगळ्यात मोलाची खरेदी ग्योकेरेस नाही आणि एझेही नाही. ती झुबिमेंडी आहे. रेआल सोसिएदादमध्ये त्याला ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, चेंडू यायच्या आधी तो दोनदा मान वळवून बघतो आणि पहिला विचार पुढचा करतो. जॉर्जिनियोकडे ही नजर होती, पण पाय उरले नव्हते. पार्टेकडे पाय होते, नजर अधूनमधून. झुबिमेंडीकडे दोन्ही आहेत. आपला प्रशिक्षक आर्टेटाने त्याला मोकळीक दिली तर ग्योकेरेस वीस गोल करेल. नाही दिली, 'आधी ताबा, मग बाकीचं' हेच चालू राहिलं, तर थिअरी ऑन्रीचा १४ नंबर पाठीवर घेऊन तो बिचारा बॉक्समध्ये दोघांच्या मध्ये उभा राहील आणि मे महिन्यात आपण परत 'स्ट्रायकर नाही' म्हणू.

तुम्हाला काय वाटतं? इतर क्लबांच्या मंडळींनीही लिहा.

---

सांगलीचा_रेड | ३ सप्टेंबर

लिव्हरपूलवाला आहे, तरी शांतपणे लिहितो. ॲनफिल्डवर आर्टेटाने चूक केली असं मला वाटत नाही. पाचव्या मिनिटाला सलिबा बाहेर गेला, साका आधीच नाही, ओडेगार्ड अर्धवट फिट. अशा वेळी शहाणा माणूस आधी घर सांभाळतो. ती फ्रीकिक नसती तर तुम्ही एक पॉइंट घेऊन गेला असता आणि हा धागा निघाला नसता.

दुसरं, ९१ गोलही याच संथ पद्धतीने झाले होते ना? तेव्हा ग्योकेरेस कुठे होता?

---

कोथरूडचा_गनर | ३ सप्टेंबर

@सांगलीचा_रेड, धागा निघालाच असता, जुलैपासून डोक्यात आहे.

९१ गोलांचं म्हणाल तर ते कुठे झाले ते बघा. शेफील्ड युनायटेडला ५ आणि ६, वेस्ट हॅमला ६, बर्नलीला ५, पॅलेसला ५, चेल्सीला ५. पहिला गोल लवकर झाला, समोरचा संघ उघडा पडला की आपण धुवून काढायचो. आणि साका-ओडेगार्ड-व्हाइट तिघं जवळजवळ पूर्ण मोसम उभे होते. पुढच्या वर्षी तिघंही आळीपाळीने जायबंदी झाले, आणि दुसरा रस्ता आपल्याकडे नव्हता. संथ खेळ वाईट नाही. तोच एकुलता एक असणं वाईट.

तुमच्या विर्ट्झ आणि इसाकबद्दलही लिहा की. इसाकचे साडेबारा कोटी पौंड म्हणजे ब्रिटिश विक्रम आहे.

---

हायबरीचे_दिवस | ४ सप्टेंबर

गनर, मी तुझ्यापेक्षा बराच मोठा असेन, म्हणून अरे-तुरे करतोय. चांगलं लिहिलंस. एक भर घालतो.

२००३-०४ चा संघ आठव. ऑन्री नावाला स्ट्रायकर, पण उभा असायचा डाव्या पट्ट्यात. पिरेस डावीकडून आत यायचा. त्याने मोकळ्या केलेल्या जागेतून ॲशली कोल धावायचा. आक्रमणाची सगळी धग डावीकडे. त्या वर्षी एप्रिलमध्ये लीड्सला असंच ५-० मारलं होतं, चार एकट्या ऑन्रीचे. आज आपलं सगळं उजवीकडे आहे. डावी बाजू कित्येक वर्षं ओसाड पडली आहे. मार्टिनेली धावतो, प्रामाणिक आहे, पण त्याच्याभोवती कुणी नसतं. लेफ्ट बॅक आत मधल्या फळीत शिरतो, तिकडचा मिडफिल्डर बॉक्समध्ये पळतो, आणि मार्टिनेली रेषेवर एकटा.

म्हणून मला एझे जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझा झुबिमेंडी चेंडू पुढे देईल, पण डावीकडे तो घेणारा, थांबवणारा, वळवणारा कुणीतरी हवा. १० नंबर बर्गकॅम्पचा आहे. तो पेलण्याची कुवत या पोरात दिसते.

---

क्रॉयडनकर | ४ सप्टेंबर

मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं क्रॉयडनला आहे. पॅलेसचं मैदान सेल्हर्स्ट पार्क घरापासून जवळ, त्यामुळे आर्सेनलचा नसूनही एझे डोळ्यांसमोर वाढताना पाहिलाय. तो गेला तेव्हा इथे लोकांना फार लागलं. मे महिन्यात वेम्बलीवर सिटीविरुद्ध त्याच्याच गोलने पॅलेसने एफए कप जिंकला, क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक. मुन्योझचा क्रॉस उजवीकडून आला आणि याने तो वरच्या वर मारला. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती.

पण हायबरीकाकांना एक सांगतो. एझे विंगर नाही. पॅलेसचा प्रशिक्षक ग्लासनरच्या ३-४-२-१ मध्ये तो माटेटाच्या मागे डावीकडचा आतला माणूस होता. रेषेवरची रुंदी मिचेल सांभाळायचा. त्यामुळे एझेला चेंडू मिळायचा तो समोरच्या मिडफिल्ड आणि बचावफळीच्या मधल्या पट्टीत, अर्धं वळलेल्या अवस्थेत. तिथून तो एका स्पर्शात माणूस मागे टाकतो. त्याला टचलाइनवर नेऊन उभा केला तर अर्धा खेळाडू हातात येईल. आर्सेनलचा लेफ्ट बॅक आत शिरतो हे तुम्हीच लिहिलंय. मग रुंदी देणार कोण? आर्टेटाने या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय डावी बाजू सुधारणार नाही, कितीही पैसे घाला.

---

फातोर्डा | ५ सप्टेंबर

मडगावहून. तुमची चर्चा वाचून बरं वाटलं आणि वाईटही. आमच्याकडे कोण आला, कुठे खेळणार, हा प्रश्नच उरलेला नाही. जुलैपासून आयएसएलच (इंडियन सुपर लीग) अधांतरी आहे. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आला, नवा होत नाही, मोसम स्थगित. एफसी गोवा मे महिन्यात सुपर कप जिंकला, ऑगस्टमध्ये फातोर्ड्यावर अल सीबला हरवून आशियाच्या स्पर्धेत शिरला, आणि घरची लीग कधी सुरू होणार ते खेळाडूंनाही माहीत नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरांची ऐन उमेदीची वर्षं आहेत ही.

विषयांतराबद्दल माफी. क्रॉयडनकरांचा मुद्दा शंभर टक्के पटला.

---

कोथरूडचा_गनर | ५ सप्टेंबर

फातोर्डा, माफी कसली. यावर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो.

क्रॉयडनकर, तुमचं निरीक्षण अगदी मर्मावर बोट ठेवणारं आहे. माझं उत्तर: कॅलाफिओरीला बाहेर ठेवा आणि एझेला आत. कॅलाफिओरी बॉक्समध्ये घुसण्यात पटाईत आहेच, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध कॉर्नरवर गोलही त्याचा. पण त्याचा डावा पाय रेषेवरून पुढे पास देतो तेव्हा तो जास्त घातक आहे.

---

अनघा_७ | १४ सप्टेंबर

गौरी-गणपतीच्या धामधुमीत धागा आत्ता वाचला, तोही कालच्या फॉरेस्ट सामन्यानंतर, म्हणजे योग्य वेळी.

३-०, आणि दुसरा गोल तुम्ही दोघांनी लिहून दिल्यासारखा. दुसरा हाफ सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. कॅलाफिओरीचा बचावफळीवरून मागे टाकलेला चेंडू, एझेची धाव, आडवा पास, ग्योकेरेसने फक्त पाय लावला. बाकी दोन झुबिमेंडीचे, एक लांबून व्हॉली आणि एक हेडर. झुबिमेंडीने गोल करावेत म्हणून आणला नव्हता, तरी घेऊ.

माझी शंका वेगळी आहे. फॉरेस्टने आपल्याला जागा दिली. जे देणार नाहीत त्यांच्याविरुद्ध काय?

---

अनघा_७ | २७ ऑक्टोबर

दीड महिन्यापूर्वीची शंका परत मांडते, आता पुराव्यासकट. या मोसमातले १-० चे तीन विजय घ्या. युनायटेड: कॉर्नर. फुलहॅम: कॉर्नर, गॅब्रिएलचा स्पर्श आणि ट्रोसार्ड. काल पॅलेस: फ्रीकिक, गॅब्रिएलने डोक्याने खाली पाडला, एझेने मारला. तिन्ही गोल थांबलेल्या चेंडूवर.

यात मला काहीही कमीपणा वाटत नाही, आधीच सांगते. आपला सेट-पीस प्रशिक्षक निकोलस जोव्हरने या गोष्टीचं शास्त्र करून ठेवलंय. राइस आणि साका चेंडू कुठे टाकणार, गोलकीपरसमोर कोण उभा राहणार, गॅब्रिएल लांबच्या खांबाकडून कधी सुटणार, हे सगळं समोरच्याला माहीत असतं आणि तरी थांबवता येत नाही. बाहेरचे लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. गोल हा गोल असतो.

पण गनर, तुमच्या 'चेंडू लवकर पुढे' या मुद्द्याचं काय झालं? ॲटलेटिकोला चार मारले त्यात ग्योकेरेसचे दोन, तेवढे सोडले तर लीगमध्ये तो अजूनही बॉक्समध्ये एकटा झुंजतोय.

---

कोथरूडचा_गनर | २८ ऑक्टोबर

अनघाताई, पुरावा मान्य, निष्कर्ष अर्धा मान्य. ओडेगार्ड वेस्ट हॅमविरुद्ध परत जायबंदी झाला, हावर्ट्झ पहिल्या सामन्यापासून बाहेर. घडी बसायला वेळ लागतोय. पण एक बघा, ग्योकेरेस दोन सेंटर बॅकना अंगावर घेऊन धावतो, त्यामुळे एझेला मधली पट्टी मोकळी मिळते. स्कोअरबोर्डवर ते दिसत नाही. पळणाऱ्या माणसाची किंमत त्याच्या मागे उरलेल्या जागेत असते, आणि ती जागा गेल्या वर्षी नव्हती.

तक्रार मात्र कायम. पॅलेसविरुद्ध चार-पाच वेळा तो पट्ट्यात सुटला, हात वर करून मागत होता, आणि पास मागे गेला. दर वेळी मी टीव्हीसमोर उठून उभा.

---

सांगलीचा_रेड | २३ नोव्हेंबर

काल फॉरेस्टने आम्हाला आमच्याच मैदानावर ३-० मारलं. लीगमधल्या गेल्या सातपैकी सहा हरलो. गनर, तू सप्टेंबरमध्ये इसाक-विर्ट्झबद्दल विचारलं होतंस, तेव्हा लिहिलं नाही, आता लिहितो.

आम्ही एकाच उन्हाळ्यात आक्रमणाची अख्खी घडण बदलली. डियाझ बायर्नला, नुन्येझ सौदीला, ट्रेंट माद्रिदला. आणि जोटा, जुलैमध्ये अपघातात गेला. जोटाबद्दल मला अजूनही लिहवत नाही. जे आले ते गुणी आहेत, पण सलाहला त्याची धाव ओळखून पास देणारा ट्रेंट मागे राहिला नाही, म्हणून सलाह हा सलाह दिसत नाही. महागडा फॉरवर्ड आणून भागत नाही, त्याला चेंडू देणारा आधी हवा, हे तुझं म्हणणं माझ्या क्लबने माझ्या डोळ्यांसमोर खरं करून दाखवलं.

---

हायबरीचे_दिवस | २४ नोव्हेंबर

सांगलीकर, जोटाच्या बाबतीत सगळ्यांच्याच घशात आवंढा येतो. तुमचा संघ उभा राहील.

गनर, काल रात्री दहाचा सामना बघितला आणि झोपच आली नाही. टॉटनहॅमला ४-१. एझेची हॅटट्रिक! उत्तर लंडनच्या डर्बीत आपल्या खेळाडूची याआधीची हॅटट्रिक १९७८ मध्ये, ॲलन संडरलंडची. ज्या पोराला तेराव्या वर्षी आपल्याच ॲकॅडमीने घरी पाठवलं, जो ऑगस्टमध्ये टॉटनहॅमला जवळजवळ गेलाच होता, त्याने त्यांच्याविरुद्ध तीन मारावेत.

---

अनघा_७ | २४ नोव्हेंबर

आणि ग्योकेरेस नव्हता! पुढे पुन्हा मेरिनो. मग नऊ नंबरची गरज होती की नव्हती? मला खरंच उत्तर हवंय.

---

कोथरूडचा_गनर | २४ नोव्हेंबर

उत्तर देतो, ताई.

पहिला गोल परत बघा. टॉटनहॅम पाच जणांची बचावफळी लावून बसलेलं. मेरिनो नऊ नंबरच्या जागेवरून खाली आला, चेंडू घेतला, आणि मागे न देता त्यांच्या डोक्यावरून ट्रोसार्डच्या धावेत उचलून दिला. एक पास, पुढे, लवकर. मेरिनो चांगला का दिसला, तर त्याने तो चेंडू ठेवून घेतला नाही. आणि क्रॉयडनकर सप्टेंबरपासून सांगतायत तसा एझे आत होता, विंगवर ट्रोसार्ड. तिन्ही गोल त्याने मधूनच मारले.

ग्योकेरेसची गरज कुठे, तर बर्नलीचा सामना काढा, १ नोव्हेंबर. पहिला गोल कॉर्नरवर त्याचाच. दुसऱ्याला त्याने आपल्या अर्ध्यात चेंडू घेतला, डावीकडे ट्रोसार्डला सोडला, ट्रोसार्डचा क्रॉस, राइसचं हेडर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही सेकंदांत. मग हाफटाइमला तो दुखापतीने बाहेर गेला आणि दुसऱ्या हाफमध्ये आपण परत आडवे पास खेळत बसलो. मेरिनो बंद बचाव उघडतो. ग्योकेरेस बचाव बंद होण्याआधी पोचतो. मोसम लांब आहे, दोन्ही लागतील, आणि दोघांच्याही मागे झुबिमेंडीच लागेल. त्याला लीगमध्ये एकदाही विश्रांती न देता आपण खेळवतोय याची मला आता जास्त काळजी वाटते. नॉरगार्ड कशासाठी आणलाय?

बारा सामन्यांनंतर चेल्सीच्या सहा पॉइंट पुढे आहोत. बुधवारी रात्री दीडला बायर्न. गॅब्रिएल नाही, हिंकापिएने काल त्याची उणीव भासू दिली नाही. माझा संघ: एझे आतच, डावीकडे ट्रोसार्ड, उजवीकडे साका, पुढे मेरिनो, आणि शेवटची वीस मिनिटं मडुएके फिट असला तर त्याला सोडा. बायर्नची बचावफळी अर्ध्या रेषेपर्यंत वर येते. त्यांच्या मागे जागा असणार आहे. चेंडू हिसकावल्यावर पहिला पास कुठे जातो, तेवढंच बघत बसणार आहे मी.

---

क्रॉयडनकर | २५ नोव्हेंबर

मडुएकेला वीस नाही, तीस मिनिटं द्या. आणि त्यांच्या स्ट्रायकरवर, केनवर कोण, ते आधी ठरवा. तो खाली येऊन पास देतो, सलिबा त्याच्या मागे ओढला गेला तर ती मागची जागा तुमच्याकडेही तयार होईल.